दोनदा मेलेला विजेता

कपाटात तोंड खुपसून मेव्हणी ओरडली, "आणि... वेळ... संपलीऽऽ!"

"अगं, हळू," मास्तर म्हणाले. "शेजारचे धावत येतील. त्यांना वाटेल खरंच कोणाची तरी वेळ संपली."

"तुम्हीच म्हणालात ना, भाऊजी, जोर लाव म्हणून? स्टँडवर याच्या निम्म्या आवाजात बोलते मी, तर लोक सामान टाकून पळत सुटतात."

"तिथे गाडी सुटत असते. इथे प्रश्नाची वेळ संपलीये. जरा गोडीत म्हण."

"गोडीत?" ती पुन्हा कपाटात शिरली. हँगरला दोरीने बांधलेला फोन तिने तोंडासमोर ओढला. "आणि वेळ संपली बरं का, राजा!"

मास्तर हसले. खूप दिवसांनी हसल्यामुळे त्यांना खोकलाच आला.

मेव्हणी बसस्थानकावर घोषणा करायची. गाव झोपेतही तिचा आवाज ओळखायचं. मास्तरांना गेमसाठी असाच आवाज हवा होता, पण त्यांच्या रिकाम्या खोलीत तो घुमत होता. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या बाईंनी उपाय सांगितला होता. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा आणि त्यात बोला, कपडे आवाजाचं घुमणं शोषून घेतात. घरात असं एकच कपाट होतं. त्यात बायकोचे कपडे होते. ती गेल्यापासून मास्तरांनी ते उघडलं नव्हतं. आज मेव्हणीने आल्या आल्या काही न विचारता सरळ उघडलं, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

शेवटचं वाक्य झाल्यावरही ती बाहेर येईना.

"झालं का?" मास्तरांनी विचारलं.

"थांबा. आवाज बसलाय जरा," आतून उत्तर आलं.

मास्तर चहा टाकायला गेले.

हा गेम त्यांनी स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला होता. ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांना शिकवायचे. पूर्वी कारखान्याच्या मागे सरावासाठी एक खरी लिफ्ट होती. तिच्या टपावर एकेकाला उभं करून, शर्टाची मागची बाजू पकडून ते शिकवायचे. मग शाखा वाढल्या, माणसं लांब लांब गेली आणि शिकवणं कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलं. मास्तर पडद्यासमोर बोलायचे आणि समोर काळ्या चौकोनांची रांग असायची. एकदा एका चौकोनातून घोरणं ऐकू आलं. मास्तर बोलायचे थांबले, तर घोरणारा दचकून म्हणाला, "हो सर, समजलं!"

बैठकीत मॅडमनी विषय काढला. त्या कंपनीच्या प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख. बोलणं तुटक, पण मनात काही ठेवायच्या नाहीत.

"लोक कोर्स अर्धवट सोडतायत. बाहेरची एक कंपनी तयार गेम देते. टीव्हीवर असतो ना प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम, तसा. खुर्च्या, दिवे, घंटा, गुण. तो घेऊ या."

"त्यात लिफ्टचे प्रश्न असतील?" मास्तरांनी विचारलं.

"ते नंतर घालता येतील म्हणे."

"मी करतो," मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी माना वळवल्या. सर्वांत जास्त नवल मास्तरांनाच वाटलं. बायको गेल्यापासून बैठकीत 'हो' आणि 'बरं' यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

"तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "बघा हं. जमलं तर तुमचाच गेम सगळ्या शाखांना जाईल. नाही जमलं तर मला बाहेरचा घ्यावा लागेल. तो घेतला की शिकवायला माणूस लागत नाही. तक्रारींच्या फोनवर मात्र एक जागा आहे."

तक्रारींचा फोन म्हणजे दिवसभर 'लिफ्ट बंद आहे' ऐकायचं आणि 'माणूस पाठवतो' म्हणायचं. तरी मास्तरांनी मान हलवली. दिवस गेले होते नुसते ढकलण्यात, आणि आता कोणीतरी त्यांना एक यंत्र जोडायला दिलं होतं.

प्रश्नमंजुषेचे कार्यक्रम त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, म्हणजे बायकोने दाखवले होते. संध्याकाळी टीव्ही लागला की ती पुढे सरकून बसायची आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ठोकून द्यायची.

"अगं, पर्याय तरी येऊ देत," मास्तर म्हणायचे.

"पर्याय तुम्हाला लागतात," ती म्हणायची. "तुमचं उत्तर येईपर्यंत जाहिरात लागते."

कॉम्प्युटरवाल्या बाईंनी त्यांना गेम जुळवायचं सॉफ्टवेअर दाखवलं. चित्र ओढून आणायचं, त्याच्या मागे प्रश्न जोडायचा, पुढे आवाज जोडायचा. "बाकी तुम्हीच करा, मास्तर, मला वीस कामं आहेत," असं म्हणून त्या गेल्या. सुरुवातीला प्रश्न एकीकडे आणि घंटा भलतीकडे वाजायची. पुढे तर खेळाडूने योग्य उत्तर दिलं की पडदा बंद पडायचा. मास्तर हात धुवून मागे लागले. जेवताना त्यांना प्रश्न सुचायचे, आंघोळ करताना गुणांची पद्धत सुचायची. सकाळी जाग आली की कॉम्प्युटर कधी उघडतो असं व्हायचं. अंथरुणात डोळे उघडल्यावर पहिल्या क्षणी जे आठवायचं, ते आता कधी कधी दुसऱ्या क्षणी आठवू लागलं.

घंटेचा आवाज त्यांना खरा हवा होता. वजन जास्त झालं की लिफ्ट जो टाहो फोडते, तो. त्यासाठी त्यांनी ऑफिसातली माणसं गोळा करून लिफ्टमध्ये कोंबली. माणसं चढत गेली, चढत गेली, लिफ्ट गप्प. शेवटी जाडजूड हिशेबनीस आत आले आणि लिफ्ट ओरडली. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघता?" हिशेबनीस भडकले. "आधीच्यांनी काय कापूस खाल्लाय?"

मास्तर फोन उंच धरून ओरडले, "बोलू नका हो, रेकॉर्डिंग चालू आहे!" ते वाक्यही घंटेत आलं. पुढे ते काढून टाकणं त्यांच्या जिवावर आलं.

सगळ्यात भारी होती ती गुणांची पद्धत. योग्य उत्तराला गुण होतेच, पण जो आधी बटण दाबेल त्याला वरचे गुण. जितकी घाई, तितकी कमाई. टीव्हीवर मजा तिथेच तर येते.

चाचणीच्या दिवशी मोठ्या खोलीत पडदा लावला. पडद्यावर खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीवर खेळाडूचा फोटो. खेळाडूंनी आपापल्या फोनवर उत्तर द्यायचं. मॅडम मागे उभ्या राहिल्या. मेकॅनिकांमध्ये बुलेट होता. हे नाव त्याच्या वेगामुळे पडलं होतं. तक्रार आली की हा पहिला पोहोचायचा. आणि गोगलगाय होता, त्याचं नाव का पडलं ते सांगायला नको.

"खेळाडूंनी आपापल्या जागी बसून घ्यावे!" मेव्हणीचा आवाज पडद्यातून घुमला.

"आयला, ही तर स्टँडवरची बाई!" बुलेट ओरडला. "मास्तर, गाडी कुठल्या फलाटावर लागणार?"

खोली हशाने दणाणली. मग पहिला प्रश्न आला, लिफ्टचा टाहो फुटला आणि जी धमाल उडाली ती विचारू नका. माणसं बाकावरून उठून उभी राहिली. कोणी कोणाच्या फोनवर हात मारत होतं. "दाब, दाब!" "अरे, वाच तरी!" "वाचतोय कोण!" जे चौकोन घोरायचे, ते आता गळा फाडून ओरडत होते. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांना नाचावंसं वाटलं. कडेला उभे राहून त्यांनी नुसती टाच आपटली.

बुलेट पहिला आला. गोगलगाय शेवटून दुसरा. बुलेटला मित्रांनी खांद्यावर घेतलं.

मॅडम पुढे आल्या. "मास्तर, मानलं तुम्हाला. पास. उद्याच सगळ्या शाखांना पाठवून देऊ."

मास्तर "हो" म्हणणार होते. तो शब्द जिभेवर आला होता. पण त्यांची नजर पडद्यावरच्या उत्तरांवर गेली आणि तिथेच अडकली.

एक प्रश्न असा होता: लिफ्टचं बाहेरचं दार किल्लीने उघडलंय, आत काळोख आहे, सर्वांत आधी काय कराल? मेकॅनिकचं निम्मं काम लिफ्टच्या टपावर उभं राहून चालतं. टपावर एक लाल बटण असतं, ते दाबलं की लिफ्ट जागची हलत नाही. पण दाराआड लिफ्ट आहे की नुसती पोकळी, हे आधी बघावं लागतं. बुलेटने प्रश्न न वाचताच उत्तर दिलं होतं, 'आत पाय टाकून लाल बटण दाबेन.' दुसऱ्या एका प्रश्नात त्याने बटण दाबलं होतं, पण लिफ्ट खरंच थांबली का हे न तपासता कामाला हात घातला होता. दोन्ही उत्तरं चूक. दोन्हींचे गुण शून्य. बाकीच्या उत्तरांत मात्र त्याने घाईचे इतके गुण उपसले होते की शून्यांनी काही फरक पडला नाही. गोगलगायचं एकही उत्तर चुकलं नव्हतं.

"मॅडम," मास्तर म्हणाले, "हा नाही पाठवायचा."

"काय?"

"बुलेट दोनदा मेलाय. आणि पहिला आलाय."

खोलीत पुन्हा हशा पिकला. बुलेट खांद्यावरूनच म्हणाला, "मास्तर, गेम आहे हो हा! खऱ्या लिफ्टवर मी असं करेन का?"

"खऱ्या लिफ्टवर तुझा हात सवयीने चालेल," मास्तर म्हणाले. "आणि सवय आज मी लावली. घाई कर, मी तुला बक्षीस देतो, अशी."

बुलेट खांद्यावरून खाली उतरला.

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मास्तर, पुढच्या आठवड्यात सगळ्या शाखा एकदम खेळणार आहेत. तारीख दिलीये मी. ती हलणार नाही."

"तोवर दुरुस्त करतो."

"आणि दुरुस्त करून मजाच गेली तर? लोक परत झोपले तर?"

मास्तरांनी पडदा बंद केला.

"तर मग फोनवर बसायची तयारी ठेवा," मॅडम म्हणाल्या.

रविवारी दुपारी मेव्हणी आली. घाईचे गुण मास्तरांनी काढून टाकले होते. पण जी चूक जिवावर बेतते, ती केल्यावर गेममध्ये काय व्हावं हे त्यांना सुचत नव्हतं. गुण कापले तर माणूस पुढच्या प्रश्नात भरून काढतो. लाल दिवा लावून पाहिला, सगळ्या चुकांना लागतोच की लाल दिवा.

"मी घोषणा करते ना," मेव्हणी म्हणाली आणि घसा खाकरून सुरू झाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आत्ताच एक मेकॅनिक चौथ्या मजल्यावरून तळमजल्याला न थांबता रवाना झाले आहेत!"

आणि ती स्वतःच हसत सुटली. हसता हसता तिने मान मागे टाकली. तिच्या बहिणीची मानही अशीच मागे जायची, हसूही असंच एक श्वास घेऊन पुन्हा सुरू व्हायचं. मास्तरांचं हसू थांबलं. मग तिचंही थांबलं.

"ताई गेली तेव्हा तुम्ही जवळच होतात ना?" मेव्हणीने विचारलं. इतक्या महिन्यांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

"शेजारी होतो. टीव्ही बघत होतो. तिचा तो कार्यक्रमच चालू होता." मास्तरांनी माउस उगाच इकडून तिकडे सरकवला. "काही झालं नाही गं. म्हणजे ओरडणं नाही, पडणं नाही. एक प्रश्न आला, सोपा होता. तिचं उत्तर आलं नाही. पर्याय आले, तरी आलं नाही. म्हणून मी वळून बघितलं."

मेव्हणीने चहाचा कप खाली ठेवला.

"आणि टीव्ही चालूच," मास्तर म्हणाले. "टाळ्या, दिवे, पुढचा प्रश्न. मला तेच समजेना. बंद का होत नाहीये हे सगळं?"

मेव्हणी म्हणाली, "मग तसंच करा."

"कसं?"

"काही वाजवू नका. मी काही बोलणार नाही. फोटो काढून टाका त्याचा. खुर्ची तिथेच राहू दे, आणि खेळ पुढे चालू दे."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची आत ओढली आणि कामाला लागले. त्यांची बोटं भराभर चालत होती. मध्येच ते म्हणायचे, "आवाज सगळाच बंद, घंटासुद्धा नाही!" आणि मेव्हणी म्हणायची, "फोनही बंद करा त्याचा, उगाच बटणं दाबत बसेल." चहा समोर गार झाला. अंधार पडायच्या आत ते जमलं, तेव्हा दोघांनी एकमेकांना टाळी दिली. टाळी दिल्यावर दोघांना जरा चोरट्यासारखं झालं.

"त्या दिवशी मी स्वतः येते," जाताना मेव्हणी म्हणाली. "रजा टाकते. जन्मभर लोकांना गाडी सुटल्याचं सांगितलं. एकदा तरी माझं ऐकून माणसं बसलेली बघू दे."

तो दिवस उजाडला. मोठी खोली खच्चून भरली. पडद्यावर प्रत्येक शाखेची एक खुर्ची. शाखेने आपला एकेक गडी निवडला होता, बाकीचे आपापल्या गावी पडद्यासमोर जमले होते. या शाखेने बुलेटलाच बसवलं. मेव्हणीने माइक हातात घेतला आणि पहिल्याच वाक्याला सगळ्या गावांतून आरोळ्या आल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मजा गेली नव्हती.

बुलेट या वेळी वाचून उत्तर देत होता. वाचताना ओठ हलवत होता. अंधाऱ्या दाराच्या प्रश्नाला त्याने ऐटीत योग्य उत्तर दिलं आणि मास्तरांना लांबूनच डोळा मारला. गुणांत तो सगळ्यांच्या पुढे गेला. खोली त्याच्या नावाने दुमदुमायला लागली.

मग मेव्हणीने वाचलं, "तुम्ही लिफ्टच्या टपावर आहात. काम संपलंय. खाली रहिवासी ओरडतायत, लवकर चालू करा म्हणून. सर्वांत आधी काय कराल?"

बरोबर उत्तर होतं, आधी टपावरून बाहेर पडायचं, लाल बटण त्यानंतर दाराबाहेरून हात घालून सोडायचं. बुलेट आयुष्यभर त्या ओरडणाऱ्या रहिवाशांसाठी धावला होता. त्याने 'लाल बटण सोडेन' दाबलं.

पडद्यावर त्याचा फोटो गेला. काही वाजलं नाही. मेव्हणी बोलली नाही. खुर्ची तेवढी राहिली.

"ओ मास्तर, अडकलं वाटतं," बुलेट म्हणाला. "मी आहे अजून! जिवंत आहे!"

लोक हसले. मग प्रश्न कोणता होता ते एकेकाच्या लक्षात येत गेलं आणि हसू विरत गेलं. ज्या गावांतून आत्तापर्यंत आरोळ्या येत होत्या, तिथून आता कोणी खुर्ची सरकवल्याचा आवाजसुद्धा ऐकू येऊ लागला.

"कोणीही झोपलेलं नाही," मॅडम शेजारच्याला हळूच म्हणाल्या. "फोनवर बसवायला दुसरा माणूस शोधा."

मास्तरांनी ते ऐकलं. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही.

तेवढ्यात गोगलगाय उभा राहिला. "बाई, घ्या ना त्याला परत. एवढी एक वेळ."

"घ्या हो," दुसऱ्या गावातून कोणीतरी म्हणालं. "पोरगं चांगलं खेळत होतं." मग तिसऱ्या गावातून. "बाई, एकदा. चुकून झालं त्याच्याकडून." ज्यांचा नंबर त्याच्या जाण्याने वर सरकला होता, तेही म्हणू लागले.

मेव्हणीने माइक खाली घेतला आणि भाऊजींकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला होता, की मास्तरांनी नुसती मान हलवली असती तर तिने आनंदाने बुलेटला परत हाक मारली असती. आणि करायला सोपंही होतं. फोटो परत ओढून खुर्चीवर ठेवायचा, बास. मास्तरांचा हात माउसवर होता.

त्यांनी हात काढला आणि मांडीवर ठेवला.

मेव्हणीने माइक तोंडाजवळ नेला. "पुढचा प्रश्न," ती म्हणाली आणि वाचू लागली.

खुर्च्यांवरच्या सगळ्यांनी प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेतला. पर्याय आले, तरी कोणी बटण दाबलं नाही. खोलीच्या कडेला बुलेट मात्र मान खाली घालून बंद फोनच्या काचेवर अंगठा दाबत होता, पुन्हा, आणि पुन्हा.